कूलरसमोरची झाडं

आमच्या जळगावात उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याला आधी कूलरसमोर बसवतात, पाणी नंतर विचारतात. घामाघूम माणूस दारातून आत आला की घरातलं कुणीतरी उठतं, खुर्ची ओढून थेट झोतासमोर ठेवतं आणि म्हणतं, "इथं बसा, इथं." पाहुण्याला अर्ध्या तासात हुडहुडी भरली तरी तो हलत नाही, कारण उठून बाजूला बसला तर घरच्यांना वाईट वाटेल. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी माझ्या नऊ कुंड्या अशाच कूलरसमोर मांडल्या, आणि त्यांच्या शेजारी माझ्या वडिलांची खुर्ची ठेवली. दोन्ही मी मायेनं केलं. दोन्ही चुकलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. पारोळ्याजवळच्या खेड्यात त्यांचं घर आहे, आई गेल्यापासून ते तिथं एकटे राहतात आणि शेत माझा चुलतभाऊ बटाईनं करतो. मी त्यांची एकुलती एक मुलगी. त्या वर्षी संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी ते अंगणातल्या हौदापाशी घसरून पडले. कंबरेला मार लागला, उठता येईना. सकाळी पडले ते दुपारी शेजारच्या काकू ताक द्यायला आल्या तेव्हा सापडले. मोबाइल बंडीच्या खिशात होता, चालू होता, आणि त्यात माझा नंबर पहिला होता.

मी पोहोचले तेव्हा ते खाटेवर होते. मी विचारलं, फोन का नाही केलात? ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तुनी शाळा व्हती."

मी गणिताची शिक्षिका आहे. त्या सकाळी पहिल्या तासाला मी नववीला वर्तुळाचं प्रमेय शिकवत होते, आणि माझे वडील गार फरशीवर पडून माझी शाळा सुटायची वाट बघत होते. मला रडू आलं नाही, राग आला. मला आधी राग येतो. रडू मागाहून, सवडीनं. त्या रागातच मी त्यांचे कपडे पिशवीत भरले आणि त्यांना जळगावला घेऊन आले. पुन्हा कधी ते असे पडले आणि पुन्हा गप्प राहिले, तर दर वेळी काकू ताक घेऊन येतीलच असं नाही. मला एकच भीती होती. ते पडतील याची नव्हे, ते सांगणार नाहीत याची.

आता लेकीच्या घरी राहायचं म्हणजे आबांच्या पिढीला संकटच. त्यांनी येताना अर्धं पोतं दादर ज्वारी, तुरीची डाळ आणि शेंगदाण्याच्या तेलाचा डबा सोबत घेतला, का तर लेकीच्या घरचं बसून खायचं नाही. आल्या आल्या जाण्याचा मुहूर्तही सांगून टाकला: "आखाजी व्हयनी की मी जास." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. यंदा माहेरच माझ्याकडे आलंय, असं मी हसून म्हटलं. आबा हसले नाहीत.

घरात ते वागायचे कसे, तर एखाद्या फार सज्जन पाहुण्यासारखे. सकाळी उठून चादरीची घडी, जेवल्यावर ताट स्वतः मोरीत. माझे यजमान धुळ्याला नोकरीला, शनिवारी येतात. ते आले की आबा खाटेवरून उठून बसायचे, जावई ना. आणि कशाला काही विचारलं की एकच उत्तर: "चालस." भाजी अळणी झाली का? चालस. पंखा वाढवू? चालस. टीव्हीचा आवाज त्रास देतो का? चालस. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी आहेत हो तुमचे वडील. मला मात्र त्या शब्दाची हळूहळू धास्ती वाटायला लागली. ज्याला सगळंच चालतं, त्याचं काय चालत नाही हे कळायचं कसं?

झाडांचं वेड मला उशिरा लागलं. मुलगी पुण्याला नोकरीला गेली आणि मी नर्सरीतून एकेक कुंडी उचलून आणायला लागले. आधी मनीप्लांट, मग पांढऱ्या फुलांची पीस लिली, मग मोठ्या पट्टेरी पानांची डिफेनबाखिया, जिचं नाव मला नीट उच्चारायला महिना लागला. अशा नऊ. रोज संध्याकाळी ओलं फडकं घेऊन मी एकेक पान पुसायची, देव्हाऱ्यातले टाक पुसावेत तसं. मैत्रिणी घरी आल्या की पानांवर बोट फिरवून म्हणायच्या, धूळ कशी नाही गं? मी फुगायची.

मार्च सरायच्या आधीच ऊन चाळिशीला टेकलं. मी कूलरमध्ये नवं गवत भरून घेतलं, खिडक्या लावल्या, वर हिरवी जाळी बांधली. झळ आत यायला नको. मग दिवाणखान्यात मध्यभागी कूलर, त्याच्यासमोर अर्धवर्तुळात नऊ कुंड्या आणि कडेला आबांची खुर्ची. सगळ्यांना गारवा. रात्रीही कूलर चालूच, कारण आबा त्याच खोलीत झोपायचे. सकाळी पानांवर बारीक बारीक थेंब दिसायचे. मला ते दवासारखे वाटायचे आणि फार बरं वाटायचं.

पहिला ठिपका डिफेनबाखियावर दिसला. टाचणीच्या डोक्याएवढा, तपकिरी, भोवती पिवळी कड. मला वाटलं माझ्या हातून काही सांडलं असेल, म्हणून फडक्यानं पुसला. पुसला जाईना. आठवड्यात तो बोटाच्या पेराएवढा झाला, मधोमध वाळून कागदासारखा झाला, आणि शेजारच्या पानांवर त्याची पोरंबाळं उठली. मग पीस लिली. मग मनीप्लांट. मी फडकं सोडलं नाही. उलट दिवसातून दोनदा पुसायला लागले, की निदान स्वच्छता तरी राहो. पाणी कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं, खत घालून बघितलं.

शनिवारी यजमान धुळ्याहून आले. त्यांना झाडं आणि फर्निचर यांत फारसा फरक वाटत नाही. बघून म्हणाले, "प्लास्टिकची आण. पुसायलाही सोपी." दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

आबा हे सगळं बघत होते. खुर्चीत बसून, काठीवर हनुवटी टेकवून. एकदोनदा त्यांची नजर पानावरून कूलरकडे आणि कूलरवरून माझ्याकडे गेलेली मला दिसली. मी विचारलं, "काय आबा?" म्हणाले, "काही नही."

शेवटी मी एक पान प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि बाजारातल्या कृषी केंद्रात गेले. दुकानात शेतकऱ्यांची गर्दी. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठजींनी विचारलं, "पीक कोणतं, क्षेत्र किती?"

"नऊ कुंड्या," मी म्हटलं.

मागे कुणीतरी हसलं. शेठजी हसले नाहीत. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, उलटं करून बघितलं. "बुरशी दिसते. ताई, पाणी पानांवरून घालता का?"

"नाही. बुडाशीच घालते."

"वरून कशाचं पाणी पडतं?"

"छे, घरात असतात." आणि हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. कूलर माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. कूलर म्हणजे वारा, पाणी नव्हे. जळगावात कुणालाही विचारा.

त्यांनी बुरशीनाशकाची एक पुडी काढली. "आधी रोगट पानं तोडा, मग हे मारा. कुंडीचा हिशेब माझ्याकडे नाही, पंपाचा सांगतो. एका पंपाला ही अर्धी पुडी." औषध हातात आलं की माणूस सल्ला ऐकत नाही. पानं तोडायचं मी ऐकलंच नाही. एवढ्या निगुतीनं वाढवलेली पानं कुणाला तोडवतील?

पंप पंधरा लिटरचा, माझी फवारणीची बाटली अर्ध्या लिटरची. म्हणजे अर्ध्या पुडीचा तिसावा भाग, चिमूटभर. वर्गात असलं त्रैराशिक मी मुलांकडून तोंडी करून घेते. पण घरी पुडी उघडली, ती चिमूट बघितली आणि वाटलं, एवढ्याशानं काय होणार? शेतकऱ्याचं रक्त. आमच्याकडे औषध, खत आणि तिखट या तीन गोष्टी कुणी मापानं टाकत नाही. थोडं जास्त पडलं तर बिघडतं काय? मी चमचाभर टाकलं. वहीत अंदाजपंचे उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी लाल गोल काढून उभं करते, हे इथं कबूल करून ठेवते.

फवारणी मी दिवाणखान्यातच केली. खिडक्या बंद, कूलर चालू. आबांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोनदा खोकले. मग काठी घेऊन उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. दुपारचे बारा वाजले होते, कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. मी आतून ओरडले, "आबा, दार लावून घ्या, झळ येते." त्यांनी लावून घेतलं. ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते.

चार दिवसांत पानांच्या कडा जळाल्या. ठिपके होते ते होतेच, वर औषधाचे पांढरे डाग आणि होरपळलेल्या कडा. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं झालं. आणि तेवढ्यात आखाजी आली. मी पुरणपोळी केली, आमरस केला. आबा पोटभर जेवले, पोळी बेस झाली म्हणाले आणि संध्याकाळी त्यांनी पिशवी भरायला घेतली. मी अडवलं नाही. काय सांगून अडवणार? त्यांचं काय दुखतं, काय खुपतं, इथं बरं वाटतं की नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तीन महिन्यांत त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नव्हती. उद्या ते जातील, परवा पडतील, आणि माझी शाळा सुटायची वाट बघतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली घंटागाडीचा आवाज आला. माझा राग कुठंतरी निघायचाच होता, तो झाडांवर निघाला. सगळ्यात वाईट अवस्थेतली पीस लिली उचलली आणि कुंडीसकट जिन्याकडे निघाले. आबा दारात चपला घालत होते. एसटी नऊची होती.

"काय करी राहिनी?"

"फेकते. मेली ती."

"मरेल नही शे. ठेव खाले."

तीन महिन्यांत त्यांनी मला दिलेला हा पहिला हुकूम. मी कुंडी खाली ठेवली. आबा कंबर धरत जिन्याच्या पायरीवर बसले, कुंडी दोन पायांत घेतली, मातीत बोट खुपसलं, पानं बाजूला सारली. मधोमध एक गुंडाळलेला हिरवा कोंब होता. मला तो दिसलाच नव्हता. माझं सगळं लक्ष ठिपक्यांवर.

"हाऊ टिक्का शे," ते म्हणाले. "भुईमूगवर येस तोच."

टिक्का. तो शब्द ऐकला आणि मला आमचं शेत आठवलं. मी आठनऊ वर्षांची असताना सकाळी सकाळी भुईमुगात शिरायला निघाले की आबा बांधावरून दटावायचे: दव वाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. ओल्या झाडातून माणूस फिरलं की एका वेलाचा रोग अंगाला लागून दुसऱ्या वेलावर जातो. हे मला माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी माहीत होतं. कुंडीतलं झाड हेही झाडच असतं, एवढंच विसरले होते.

"तुना कूलर पानी उडावस," आबा सांगत होते. "रातभर पानं वल्ला. वल्लं पान, तठे टिक्का. आनि तू एकच फडकं लिसन बठ्ठा पानं पुसस. एकनं दुखनं दुसराले."

मी विचारलं, "तुम्हले कव्हय माहीत पडनं?"

"पयला हप्तामा."

"मंग बोलनात का नही?"

त्यांनी कुंडीतली एक वाळकी काडी काढून टाकली. "लेकना घरमा बोलानं नही, बाई. तू इतली माया करस. कसं बोलू?"

मी भडकले. माझ्या घरी मी शाळेची मराठी बोलते, आबांशीसुद्धा; इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशी जिन्यात उभी राहून मी खेड्यातल्या बाईसारखी अहिराणीत भांडले. खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं, तरी थांबले नाही. झाडं मरताना बघितली तरी बोलत नाही? उद्या मी मरताना दिसले तरी लेकीचं घर म्हणून गप्प बसाल? हौदापाशी पडून राहिलात तेही असंच ना? त्या दिवशी तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर मी वर्गात पाऊल ठेवू शकले असते का पुन्हा? शेवटी माझा दम संपला. म्हटलं, "अजून काय काय बोलनात नही, तेबी सांगा आते."

खाली घंटागाडी निघून गेली. मग आबांनी एकेक सांगायला सुरुवात केली, खाली बघत, बोटानं कुंडीच्या काठावरची माती पुसत. कूलरच्या ओलीनं कंबर रात्रभर धरते. त्या औषधाच्या फवाऱ्यानं दोन दिवस घसा जळत होता. पोळ्या रोज नकोत, भाकरी पाहिजे. मला वाटलं, एवढंच ना? हे तर सगळं उद्यापासून बदलता येईल. मी मनात यादीसुद्धा करायला लागले होते, तेवढ्यात ते म्हणाले, "आठे माले करमत नही, बाई."

माझी यादी तिथंच राहिली.

"तू बेस शे. जावाई बेस शेत. बठ्ठं बेस शे. पन करमत नही."

बोला बोला म्हणून मीच मागे लागले होते. बोलले. आणि जे बोलले ते मला नको होतं. मला ते माझ्याजवळ हवे होते, नजरेसमोर, पडले तर हात देता येईल इतक्या अंतरावर. रोज सकाळी दाराशी कुणी हाक मारावी, बांधावर जाऊन चुलतभावाच्या कामात खोड काढावी, संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसावं, यातलं दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरात काय होतं? खुर्ची होती. कूलर होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की तीन महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी खरं काहीतरी माहीत झालं आहे.

त्या दिवशीची एसटी चुकली. आबा आणखी आठ दिवस राहिले, झाडांचं मार्गी लावून जातो म्हणून. पण त्या आठ दिवसांत ते पाहुणे नव्हते. कूलर त्यांनी खिडकीत लावायला लावला, समोरची खिडकी उघडी ठेवून, म्हणजे हवा खेळती राहील आणि ओल आत कोंडणार नाही. कुंड्या झोतातून उठवून पूर्वेच्या खिडकीशी, एकमेकींच्या पानाला पान लागणार नाही अशा ठेवल्या. मग कात्री मागितली. निम्म्याहून जास्त ठिपकाळलेली पानं त्यांनी देठापासून कापली. मी प्रत्येक पानाला हळहळत होते आणि ते न ऐकता कापत होते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री उकळत्या पाण्यातून काढायची. कापलेलं पान कुंडीत पडू द्यायचं नाही, त्यातूनच रोग परत उठतो. फडकं त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकलं. पाणी सकाळी, बुडाशी, आणि बोट खुपसून माती सुकी लागली तरच. "पानी मुयले देवानं, पानले नही," असं ते मला, गणिताच्या बाईला, दिवसातून चारदा सांगायचे, आणि मी ऐकून घ्यायची.

उरलेल्या पुडीचं विचारलं तर म्हणाले, ठेवून दे. ओल गेली की बहुतेकदा औषध लागत नाही. आणि लागलंच तर मापानं, उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून. डिफेनबाखिया मात्र वाचली नाही. तिचं खोड बुडाशी मऊ पडलं होतं. मी म्हटलं, बघू या अजून आठवडाभर. आबांनी मान हलवली. "जाऊ दे ती." मुळापासून सडलेलं झाड बाकीच्यांत ठेवायचं नसतं, म्हणाले. माझ्याकडून ते झालं नसतं. त्यांनीच ते खाली नेऊन टाकलं.

नवव्या दिवशी मी त्यांना गावी सोडायला गेले. हौदाभोवतीची गुळगुळीत फरशी उखडून खडबडीत करून घेतली, मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवली, काकूंना घराची दुसरी किल्ली दिली. निघताना आबांना बजावलं: दुखलं तर फोन, पडलात तर फोन, शाळा असली तरी फोन. आबा म्हणाले, "चालस." त्यांच्या चालसवर माझा विश्वास राहिला नव्हता.

मग मी त्यांना गृहपाठ दिला. रोज संध्याकाळी सातला मी फोन करणार, आणि त्यांनी मला एक तरी गोष्ट सांगायची, जी चालत नाही. पहिले चार दिवस सगळं बेस होतं. मी म्हणायची, मग मी फोन ठेवत नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, दूध पातळ येतंय. सहाव्या दिवशी चुलतभावानं न विचारता कडुनिंबाची फांदी तोडली. मग काय, बांध फुटला. डाव्या कानात गुणगुण होते. काकूंचं ताक आंबट असतं पण त्यांना सांगू नको. पारावरचे म्हातारे एकच गोष्ट रोज सांगतात. शनिवारी धुळ्याहून आलेले यजमान एकदा शेजारी बसून ऐकत होते, म्हणाले, "हे आबाच आहेत ना? की नंबर चुकला?"

झाडांचं म्हणाल तर पीस लिलीचा तो कोंब उलगडून कोरं पान झालं. मनीप्लांटनंही धरलं. पण ज्या पानांवर एकदोन ठिपके होते आणि जी आम्ही कापली नव्हती, ती अजून तशीच आहेत. ठिपका पडलेलं पान परत कोरं होत नाही, कितीही निगा राखा. पसरायचा थांबतो, एवढंच. मैत्रिणी येतात, त्या पानांवर बोट ठेवतात आणि विचारतात, हे काय गं? पूर्वी मी कुंडी फिरवून ठेवली असती. आता सांगते, माझी चूक आहे ती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले होते, तिसऱ्या तासाला मी नववीच्या वर्गात होते. वर्गात फोन न्यायचा नाही असा आमच्या शाळेचा नियम आहे. मुख्याध्यापिकांना सगळं सांगून मी परवानगी घेतली होती. फोन आवाज बंद करून टेबलावर ठेवायची. फळ्यावर त्रिज्या काढत असताना तो थरथरला. आबा. अकरा वाजता त्यांनी आयुष्यात कधी मला फोन केला नव्हता.

"बाई, चक्कर ई राहिनी. मी खाले बशी जायेल शे. तू ये."

चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी फार घाबरले. आणि त्या घाबरण्याच्या पोटात मला आनंद झाला होता, हे लिहायला मला लाज वाटते, पण झाला होता. मी काकूंना फोन लावला. त्या दोन मिनिटांत किल्ली घेऊन पोहोचल्या. एका सहकाऱ्याच्या गाडीतून मी निघाले. वाटेत कळलं, डॉक्टर घरी येऊन गेले, रक्तदाब खाली आला होता, सलाइन लावलंय, काळजीचं कारण नाही. तरी मी ओट्याच्या पायऱ्या पळतच चढले.

आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. हाताला सलाइन. काकू उशाशी बसल्या होत्या. माझा अवतार बघून त्या मलाच रागावल्या. "कसाले पयत उनी वं इतली? काही नही व्हयेल त्यासले. मी व्हती ना आठे."

आबांनी डोळे उघडले नाहीत. नुसतेच म्हणाले, "मीच बलावं तिले."